टाय कसा निवडावा, नक्षीवर नक्षी कशी जुळवावी: कोकणातल्या पुरुषांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिपळूणला आमचं शिलाईचं दुकान आहे. कोट शिवायला आलेला माणूस कापडावर तासभर घालवतो, बटणांवर पंधरा मिनिटं घालवतो आणि टाय मात्र बिल करताना हाताला लागेल तो उचलतो. पुढे लग्नाच्या फोटोत नजर आधी टायवरच जाते, कारण तो चेहऱ्याच्या बरोबर खाली असतो. इतकी वर्षं गिऱ्हाइकांनी जे प्रश्न विचारले, ते इथे एकत्र लिहितो आहे. पट्ट्याच्या शर्टावर ठिपक्यांचा टाय चालेल का, चौकड्याच्या कोटाखाली काय घालू, या प्रश्नांना सगळ्यात जास्त लोक घाबरतात. म्हणून त्यांना जागाही जास्त दिली आहे.

कोकणातल्या उकाड्यात टाय घालायचाच कशाला?

वेंगुर्ल्याच्या एका काकांनी मुलाच्या लग्नाच्या वेळी मला विचारलं होतं, “ह्या गळ्यात कित्याक बांधूचा?” प्रश्न रास्त आहे. मे महिन्यात भर दुपारी अंगणातल्या मांडवात टाय घालू नका, असं मी स्वतः सांगतो. तिथे बारीक कॉटनचा कुर्ता किंवा नुसता चांगला शर्ट शोभतो. पण मुलाखत, कोर्ट, संध्याकाळचं रिसेप्शन, चर्चमधलं लग्न, बँकेतली बढतीची बैठक, अशा ठिकाणी टाय घातलेला माणूस तयारीने आलाय हे लगेच दिसतं.

आणि एक गोष्ट नीट समजून घ्या. गळा आवळतो तो टायमुळे नाही, शर्टाच्या कॉलरमुळे. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पुरुषांच्या शर्टाची कॉलर अर्धा इंच तरी लहान निघते, कारण लग्न झाल्यानंतर गळ्याचं माप कोणी पुन्हा घेतलेलंच नसतं. वरचं बटण लावल्यावर कॉलर आणि गळा यांच्यात दोन बोटं सहज जायला हवीत. तेवढी जागा असेल तर टाय जाणवतही नाही. कोटाला पाठीत पूर्ण अस्तर लावू नका, अर्धं लावा, आणि कापड पातळ लोकरीचं, हवा खेळणारं घ्या. लोकर म्हटलं की लोक दचकतात, पण पातळ विणीची लोकर जाड पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी थंड असते.

टाय ही परक्यांची वस्तू, मग ती आपण का मिरवावी?

टाय इंग्रजांचाही नाही. सतराव्या शतकात युरोपात तीस वर्षांचं युद्ध चाललं होतं, तेव्हा फ्रान्ससाठी लढायला आलेले क्रोएशियाचे शिपाई गळ्याला रुमाल बांधत. फ्रेंचांना तो आवडला आणि त्या शिपायांच्या नावावरूनच ‘क्रॅव्हॅट’ हा शब्द आला. पुढे अमेरिकेतल्या जेसी लँग्सडॉर्फने १९२० च्या दशकात टायचं कापड उरेब, म्हणजे विणीला तिरकं कापून तीन तुकड्यांत जोडायची पद्धत काढली. आजचा टाय तिथून आला.

आपल्या मुलखात तर सूट आणि टायला एक वेगळं मोल आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. १९२७ साली महाडला त्यांनी हजारो माणसांना ताठ मानेनं उभं केलं आणि नेटकं राहा, नेटकं नेसा हेही सांगितलं. कोकणातल्या कितीतरी घरांत भिंतीवर त्यांचा कोट-टायमधला फोटो असतो आणि त्या घरातला मुलगा पहिल्यांदा सूट शिवायला येतो तेव्हा सोबत आई-वडील दोघं येतात. त्या दिवशी माप घेताना माझाही हात जरा जास्त काळजीनं चालतो. त्या कोटाला आणि त्या टायला परका म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पहिला टाय कोणता घ्यावा?

गर्द निळा, बिननक्षीचा, चमक नसलेला. जवळून पाहिलं तर विणीचे बारीक दाणे दिसावेत, लांबून सपाट दिसावा. तो पांढऱ्या, फिक्या निळ्या, फिक्या गुलाबी, कुठल्याही शर्टावर बसतो. दुसरा घ्यायचा तर आमसुली. दुकानात त्याला मरून, बर्गंडी काहीही म्हणोत, वाळलेल्या आमसुलाचा तो काळसर लाल रंग राखाडी आणि निळ्या दोन्ही कोटांवर खुलतो. तिसरा निळ्यावर बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा. एवढ्या तिघांत चार-पाच वर्षं निघतात.

लखलखीत सॅटिनचे टाय शक्यतो टाळा. फ्लॅश पडला की फोटोत त्यांचा रंगच बदलतो आणि प्रत्येक चुणी दिसते.

रुंदी आणि लांबी किती असावी?

रुंदी कोटाच्या लॅपलशी, म्हणजे छातीवर उलटवलेल्या पट्टीशी मिळती हवी. साधारण तीन ते सव्वातीन इंचांचा टाय बहुतेकांना शोभतो. दोन इंची बारीक टाय सडपातळ तरुणाला आणि अरुंद लॅपलला ठीक, पण रुंद खांद्याच्या माणसाच्या छातीवर तो नाडीसारखा दिसतो. लांबी अशी की बांधल्यावर टोक पट्ट्याच्या बकलाला टेकेल. बकलाच्या वर चार बोटं राहिलं तर पोट मोठं दिसतं, खाली गेलं तर पाय आखूड दिसतात. तयार टाय साधारण ५८ इंचांचे असतात. उंची सहा फुटांच्या वर असेल किंवा गळा जाड असेल तर लांब माप मागून घ्या. नाहीतर शेपूट पोटावर लोंबकळत राहतं.

गाठ कोणती बांधावी?

केंब्रिजच्या थॉमस फिंक आणि योंग माओ या दोन शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये गणितानं दाखवलं की टाय बांधायच्या ८५ रीती होतात. तुम्हाला दोन पुरतात. फोर-इन-हँड ही साधी गाठ थोडी तिरकी बसते आणि त्यातच तिची ऐट आहे. ती जाड कापडाला आणि अरुंद कॉलरला चांगली. हाफ विंडसर त्रिकोणी आणि सरळ बसते; कॉलरची टोकं फाकलेली असतील तर ती घ्या. फुल विंडसर मोठी होते, लहान चेहऱ्याच्या माणसाला ती जड पडते.

गाठ आवळण्याआधी तर्जनीनं कापडाच्या मधोमध हलकेच दाब द्या आणि तसंच धरून वर सरकवा. गाठीखाली एक खळी पडते. त्या खळीनं टाय जिवंत दिसतो.

नक्षीवर नक्षी घालायची म्हणजे नेमकं काय करायचं?

हे तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होत आलंय. आजीचं जुनं लुगडं आठवा. अंगभर मोठा चौकडा, त्याला रुंद काठ आणि त्यावर चोळी खणाची, डोळ्याजवळ नेल्याशिवाय बुट्टी ओळखू येणार नाही इतकी बारीक. दोन नक्ष्या अंगावर आहेत, पण एकमेकींच्या आड येत नाहीत, कारण एक मोठी आहे, दुसरी अगदी लहान. आणि चोळीचा रंग लुगड्याच्या काठातून उचललेला असतो. कोट, शर्ट आणि टाय यांची जुळणी याच दोन गोष्टींवर उभी असते: नक्षीचं माप वेगळं आणि रंगाचा एक धागा सामाईक.

मापातला फरक थोडाथोडका नको, डोळ्याला पहिल्या नजरेत कळेल इतका हवा. मी निदान तिप्पट धरतो. शर्टाच्या रेघा पाव इंचावर असतील तर टायचे पट्टे पाऊण इंचाच्या पुढे. मापं जवळजवळ सारखी असली की नजर कुठे थांबावी तेच कळत नाही आणि समोरचा बोलताना तुमच्या चेहऱ्याऐवजी छातीकडे बघत राहतो.

मागच्या पावसाळ्याआधी गुहागरकडचा एक तरुण राखाडी हेरिंगबोनचा, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या विणीचा कोट घेऊन आला. सोबत फिक्या निळ्या शर्टाचं कापड, त्यात केसासारखी पांढरी रेघ. त्याला वाटत होतं, आता टाय साधाच घ्यावा लागणार. मी काउंटरवर कोटाची बाही पसरली, तिच्यावर शर्टाचं कापड घडी करून ठेवलं आणि तीन टाय एकेक करून आडवे ठेवले. पहिला बारीक रेघांचा. शर्टाच्या रेघा आणि त्याच्या रेघा एकमेकांत गुंतल्या, कापड थरथरतंय असं वाटायला लागलं. दुसरा मोठ्या लाल-पिवळ्या फुलांचा. तो एकटाच ओरडत होता. तिसरा गर्द निळ्यावर आमसुली पट्ट्यांचा, पट्टा बोटभर रुंद. तो ठेवल्याबरोबर कोट मागे सरकला, शर्ट मऊ झाला आणि टाय पुढे आला. टायचा निळा शर्टाच्या निळ्याचाच गडद भाऊ होता, म्हणून तिन्ही कापडं एका घरातली वाटली. तो काही न बोलता तिसरा टाय हातात घेऊन उभा राहिला.

घरी हेच करून पाहायचं असेल तर कपडे पलंगावर मांडा आणि सहा फूट मागे जा. डोळे किंचित मिटून बघा. नजर एका जागी स्थिरावली तर जुळलं. कापड लुकलुकायला लागलं तर एक नक्षी काढून टाका.

पट्ट्यांवर पट्टे चालतात का?

चालतात, माप वेगळं असेल तर. शर्टाची रेघ उभी असते आणि टायचा पट्टा तिरका, त्यामुळे दिशाही वेगळी होते, ते बरंच आहे.

बोटीवर किंवा परदेशात नोकरीला जाणाऱ्या मुलांसाठी एक माहिती. ब्रिटनमध्ये रंगीत तिरक्या पट्ट्यांचे टाय पलटणींचे, शाळांचे आणि क्लबांचे असतात. तिथे पट्टा घालणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून उजवीकडे उतरतो. अमेरिकेत ब्रूक्स ब्रदर्सने तो उलट्या दिशेनं आणला, म्हणजे कोणाच्या पलटणीचा टाय घातल्यासारखं होऊ नये. इथे आपल्याकडे कोणी विचारणार नाही, पण लंडनमध्ये एखादा म्हातारा गृहस्थ “तुम्ही कुठल्या रेजिमेंटचे?” असं खरंच विचारू शकतो.

चौकड्याचा शर्ट असेल तर?

बारीक चौकड्यावर बिननक्षीचा टाय सगळ्यात सोपा. त्याहून छान म्हणजे मोठ्या, विरळ बुट्टीचा. मोठ्या चौकड्याचा शर्ट टायखाली घालूच नये असं माझं मत आहे. तो सुट्टीचा शर्ट, मुरुड-हर्णेच्या किनाऱ्यावर शोभणारा. कोट चौकड्याचा असेल तर शर्ट कोरा ठेवा आणि टायमध्ये रंग त्या चौकड्यातल्या सगळ्यात पुसट रेघेचा घ्या. ती रेघ मग आपोआप दिसायला लागते. आमच्या धंद्यातली ही मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे.

हेरिंगबोन म्हणजे कुठली नक्षी?

माशाच्या काट्याची. हेरिंग हा आपल्या तारलीच्याच जातकुळीतला मासा. ताटातल्या तारलीचं मांस काढल्यावर मधल्या काट्याला दोन्ही बाजूंनी जे बारीक तिरके काटे दिसतात, तीच ही वीण. लांबून ती नक्षी वाटतच नाही, पोत वाटतो, म्हणून तिच्यावर जवळजवळ काहीही चालतं.

पेस्ली टाय वयस्कर वाटतो का?

मुळीच नाही. पेस्ली म्हणजे आपली कोयरी. ही नक्षी काश्मिरी शालींवरून युरोपात गेली आणि स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावातल्या विणकरांनी तिची नक्कल केली, म्हणून तिला त्या गावाचं नाव पडलं. हापूसच्या मुलखातल्या माणसाला तर ती आंब्याच्याच आकाराची दिसणार. कोयरी वळणदार असते, त्यामुळे सरळ रेघांच्या शर्टावर फार सुरेख बसते. फक्त ती मोठी आणि भरगच्च असेल तर कोट आणि रुमाल दोन्ही कोरे ठेवा.

टाय आणि खिशातला रुमाल एकाच कापडाचा घ्यावा का?

नको. डबीत घालून मिळणारा तो सेट बघितला की मला वाईट वाटतं, कारण लोक तो हौसेनं घेतात. रुमालानं टायला साथ द्यावी, त्याची नक्कल करू नये. पांढरा सुती किंवा लिननचा रुमाल, सरळ घडीचा, सगळ्यावर चालतो.

नवरीच्या शालूला जुळणारा टाय हवाय. कसा शोधू?

शालूच्या अंगाचा रंग जुळवायला जाऊ नका. गिऱ्हाईक शालूचा मोबाईलवरचा फोटो घेऊन येतं आणि प्रत्यक्षात दोन छटांचा फरक पडतो. मग जुळत आल्यासारखं वाटतं पण जुळत नाही, ते सगळ्यात वाईट. काठातला किंवा पदरातला दुय्यम रंग घ्या आणि त्याची एक गडद छटा निवडा. डाळिंबी शालूला हिरवा काठ असेल तर नवऱ्याला गर्द बाटलीहिरवा टाय. शक्य असेल तर ब्लाऊजपीसची एक चिंधी घेऊन या आणि दुकानाबाहेर उजेडात धरून बघा. ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतात.

लग्नाचं व्हिडिओ शूटिंग असेल तर अगदी बारीक रेघांचे किंवा बारीक चौकड्याचे कपडे टाळा. कॅमेऱ्यात त्या नक्षीवर लाटा हलल्यासारख्या दिसतात.

सावळ्या रंगाला कोणते टाय शोभतात?

भरीव रंग. आमसुली, मोरपिशी, गर्द जांभळा, मोहरीसारखा पिवळा, विटकरी. आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्यावर पांढराशुभ्र शर्ट आणि असा टाय असला की चेहरा उजळून पुढे येतो. फिके, धुरकट, पाण्यात धुतल्यासारखे रंग मात्र चेहऱ्याचं तेज ओढून घेतात. कोणी सांगतं, सावळ्या माणसानं भडक घालू नये. माझा अनुभव बरोबर उलटा आहे.

वकिलांनी टाय घालावा की बँड?

बार कौन्सिलच्या नियमांत हे स्पष्ट आहे. सुप्रीम कोर्ट, हायकोर्ट, जिल्हा, सत्र आणि शहर दिवाणी न्यायालयांत पांढरे बँड, म्हणजे कॉलरखाली लोंबणाऱ्या दोन पट्ट्या. त्याखालच्या न्यायालयांत बँडऐवजी काळा टाय चालतो. उन्हाळ्यात सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून इतरत्र काळा कोट सक्तीचा नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाची कामं तिथे जायला लागली, त्यामुळे आमच्याकडे गाऊन आणि बँडची मागणी वाढली आहे. तालुक्याच्या कोर्टासाठी काळा टाय घेताना चमक नसलेला घ्या.

मुलाखतीला कसा टाय घालावा?

मर्चंट नेव्ही, हॉटेल, बँक, सगळीकडे एकच: गर्द निळा किंवा आमसुली, कोरा किंवा बारीक ठिपक्यांचा, पांढऱ्या शर्टावर. मुलाखतीच्या दिवशी नक्षीचे प्रयोग करू नका. टाय आदल्या रात्री दोनदा बांधून बघा. झिपचा तयार टाय घेऊ नका. त्याची गाठ डब्यासारखी टणक दिसते आणि समोर बसलेल्या अनुभवी माणसाला ती लगेच कळते.

दुकानात चांगला टाय ओळखायचा कसा?

अरुंद टोक धरून टाय लोंबता सोडा. सरळ राहिला तर कापड नीट उरेब कापलंय. गोल गोल फिरायला लागला तर ठेवून द्या, तो बांधल्यावरही फिरणार. मग रुंद टोकाची पाठ उलटून बघा. तिथे एक आडवा जाड टाका असतो आणि चांगल्या टायमध्ये आत एक सैल दोऱ्याचा फास दिसतो. हातशिलाईचा तो मोकळा दोरा असतो, त्यामुळे टाय ताणला तरी शिवण उसवत नाही. तो दोरा कृपा करून कापू नका! शेवटी टाय मुठीत चुरगळा आणि सोडा. रेशीम चांगलं आणि आतलं बकरम, म्हणजे आकार धरून ठेवणारं आतलं कापड, लोकरीचं असेल तर तो हळूहळू पुन्हा सपाट होतो.

पावसाळ्यात टायला बुरशी येते. काय करावं?

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा हा प्रश्न प्रत्येक घरचा आहे. लोक डांबरगोळ्या आणि वेखंड ठेवतात. त्यानं कसर लागत नाही, पण बुरशी थांबत नाही. बुरशीला कोरडेपणाच लागतो. घातलेला टाय लगेच कपाटात टाकू नका, रात्रभर पंख्याखाली टांगा. मग सैल गुंडाळी करून, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा आतच कोंडतो. महिन्यातून एकदा, पावसाची उघडीप असेल त्या दिवशी, डबा उघडून टाय सावलीत वाऱ्यावर टाका. थेट उन्हात रेशमाचा रंग उडतो.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा आमच्या दुकानातले सगळे टाय दोन दिवस चिखलपाण्यात होते. धुऊन वाळवल्यावर पॉलिएस्टरचे वाचले. रेशमी मात्र उन्हात घातलेल्या कोकमाच्या सोलांसारखे वळले, कारण आतलं बकरम आटलं आणि वरचं रेशीम आटलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, रेशमी टाय पाण्यात बुडवू नका, ड्रायक्लीनला द्या, तेही गरज असेल तरच.

सोलकढी किंवा तिखटाचा डाग पडला तर?

चोळू नका. पहिली चूक तिथेच होते. कोरड्या सुती कापडानं टिपून घ्या. तेलाचा डाग असेल तर त्यावर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशनं झटका. सोलकढीत नारळाच्या दुधाचं तेलही असतं आणि कोकमाचा रंगही, म्हणून टिपून, पावडर टाकून दुसऱ्याच दिवशी ड्रायक्लीनला द्या. डाग कशाचा आहे हे त्यांना सांगायला विसरू नका. पंगतीला बसताना टाय शर्टाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणामधून आत खोचला तर कोणी नावं ठेवत नाही.

रात्री टाय काढायचा कसा?

बारीक टोक ओढून गाठीतून खेचून काढायची सवय बहुतेकांना असते. त्यानं आतलं बकरम पिळतं आणि सहा महिन्यांत टाय गळ्याजवळ दोरीसारखा होतो. गाठ जशी बांधली त्याच्या उलट क्रमानं सोडा. काही जण गाठ तशीच ठेवून टाय खुंटीला अडकवतात, म्हणजे सकाळी नुसता डोक्यातून घालता येतो. आठवडाभरात तिथे पडलेली घडी मग इस्त्रीनंही जात नाही. सोडलेला टाय मधोमध दुमडा, हातावर सैल गुंडाळा आणि सकाळपर्यंत तसाच राहू द्या. चुण्या आपल्याआप निघालेल्या दिसतील.